सांधा

रात्रशाळेत मराठीचे आठवड्याला दोनच तास.
आठला दहा कमी असताना
लीलाधर पोटफोडे येतात, तांबट लेनमधून थेट,
बोटांच्या पेरांत हिरवट काळं,
आणि पहिल्या बाकावर बसतात.
हुशार म्हणून नाही, डावा कान गेलाय म्हणून.

फळ्यावर मी लिहिलं: अलंकार.
मागून नर्मदा गांगुर्डे म्हणाली,
सोन्याचे की बेन्टेक्सचे, ते आधी सांगा बाई.
दिवसभर मोहाडीच्या शेडमध्ये
ती द्राक्षं खोक्यांत भरते, लंडनची.
सगळा वर्ग हसला. मीही.

उपमा शिकवली.
उपमेय, उपमान, साधारण धर्म
आणि मध्ये ‘सारखा’.
पोटफोडे म्हणाले, म्हणजे रिबिट.
दोन पत्रे दोनच राहतात,
रिबिट त्यांना धरून ठेवतं. आणि ते दिसतं.
हो, म्हटलं. दिसतं.

मग रूपक. मी पुस्तकात उदाहरण शोधतेय
तर तेच म्हणाले, आपण गंगेवर जातो की.
कोणी म्हणतं का,
गंगेसारख्या नदीवर जाऊन आलो?
गोदावरी नकाशात.
पायऱ्यांवर कपडे धुताना गंगाच.
हा डाक दिलेला सांधा, बाई,
नखाला लागता कामा नये.

अनुप्रास त्यांना ऐकू आला नाही.
तीनदा वाचला, मोठ्यांदा वाचला,
शेवटी डस्टरने टेबलावर ठोकला.
त्यांनी तळहात फळीवर सपाट ठेवला, डोळे मिटले.
हां. मठारकाम.
एक ठोका तिरपा पडला
तर अख्ख्या हंड्यावर दिसतो.

अपन्हुती कोणालाच कळेना.
हे अमुक नव्हेच, हे तमुक आहे,
असं ठासून सांगणं.
नर्मदा म्हणाली, म्हणजे थापा.
इरफान तांबोळी म्हणाला, म्हणजे इलेक्शन.
पोटफोडे आता कल्हई म्हणतील
असं मला वाटलं. तांब्यावर चढलेलं कथील,
मी तांबं नव्हेच, चांदी आहे म्हणणारं.
थांबलेसुद्धा मी त्यासाठी, खडू हातात धरून.
नाही म्हणाले.

घटक चाचणी. प्रश्न तीन, आ.
अपन्हुतीचे स्वतःचे उदाहरण लिहा. गुण दोन.
नर्मदेने लिहिलं,
ही माझी कंबर नव्हे, शेडच्या दाराची बिजागरी आहे.
इरफानने पुस्तकातलं उतरवलं, तेही अर्धं.
पोटफोड्यांनी पेन्सिलीने, एक ओळ सोडून:

मी बहीरा नव्हे.
माझा कान एका हंड्यात राहून गेलाय.
हंडा सिन्नरच्या लग्नात गेला. साल आठवत नाही.

लाल पेन उघडून मी किती वेळ बसले.
व्याख्येत बसतं का हे?
निषेध आहे. उपमेय, धरा, बहिरेपण.
उपमान कुठलं? हंड्यात राहिलेला कान
कशासारखा असतो?
खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
आणि मला एवढंच दिसत होतं
की सांधा नखाला लागत नाही.
‘बहीरा’तली वेलांटी चुकलेली.
नियमाने अर्धा गुण जातो.
मी तिला हात लावला नाही.

एप्रिलात सिन्नरला गेले, चुलतनणंदेच्या घरभरणीला.
जिन्याखाली तांब्याचा हंडा,
आता त्यात छत्र्या ठेवतात, क्रिकेटची एक बॅट.
कडेपर्यंत ठोक्यांच्या ओळी, एकही तिरपा नाही.
कोणी बघत नाहीसं पाहून
छत्र्या बाहेर काढल्या, वाकले,
आणि आत म्हटलं, पोटफोडे.

हंडा घुमला.

कुठलाही घुमला असता.
त्याला स्वभावोक्ती म्हणतात,
तो तास अजून व्हायचाय.